राऊटरची वीट

माणसाने घरच्यांचे भले करावयास जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. एवढेच की, रात्री अकरानंतर जाऊ नये. आणि जायचेच असेल तर आधी एकदा खिडकीतून आभाळाकडे पाहून घ्यावे. हे शहाणपण मला यंदा नवरात्राच्या तोंडावर, एका शनिवारी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी प्राप्त झाले. त्याची हकीगत फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. दुसऱ्याची फजिती वाचता वाचता खाल्लेला चिवडा अधिक खमंग लागतो, असा माझा जुना अनुभव आहे.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी आणि यंत्रांची सोयरीक ठाऊक आहे. मी मराठी शिकवतो. व्याकरणातले प्रयोग मला कळतात. इतर प्रयोग मी करू नयेत, असे आमच्या घरात सर्वानुमते ठरलेले आहे. मिक्सर, इस्त्री आणि पाण्याची मोटार या तिन्हींना हात लावण्याचा माझा अधिकार निरनिराळ्या वर्षी काढून घेण्यात आला. राऊटर तेवढा राहिला होता. तो राहिला याचे कारण, तो घरात आहे हेच कोणाच्या ध्यानात नव्हते.

आमच्या माजघरात, देवाच्या कोनाड्याशेजारी, भिंतीवर दोन शिंगे उभारून बसलेला एक काळा डबा, एवढेच त्याचे रूप. रस्त्यावरून येणारी काचेची बारीक तार कंपनीच्या पांढऱ्या डब्यात शिरते, तिथून एक वायर आमच्या काळ्या डब्यात येते, आणि हा काळा डबा आलेले नेट घरभर वाटतो. वाढप्याचेच काम म्हणाना! पंगतीत वाढप्याच्या तोंडाकडे कोण पाहतो? पाहिले जाते ते पानात काही कमी पडले तरच. आमची आई त्याला ‘नेटचा डबा’ म्हणते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना शेजारी त्याचेही चार हिरवे दिवे दिसले की तिला बरे वाटते. तिने आपला एक हिशेब बसवला होता : ते चार दिवे लागलेले आहेत तोवर नात घरात आहे.

नात म्हणजे आमची लेक. घरात तिला सगळे ताईच म्हणतात. इंजिनिअर होऊन ती पुण्याला एका कंपनीत लागली. तिचा धाकटा भाऊ शिकवणीसाठी लातूरला. म्हणजे कळमनुरीच्या या जुन्या घरात आम्ही माणसे तीन आणि खोल्या पाच. त्यात पावसाळ्याच्या सुरुवातीस आई मोरीत घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. नांदेडला शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ताई कंपनीची परवानगी घेऊन आली आणि येथूनच काम करू लागली. मागच्या खोलीत तिने टेबल लावले. सकाळी नऊला दार लोटून ती आत बसे. आत इंग्रजी चाले, बाहेर आईचे दबक्या आवाजात, “लेकरानं चहा घेतला का?” हे चाले. मी कॉलेजातून येताना भज्यांचा पुडा आणू लागलो. आमच्या सौ.ची दुपारची झोप गेली आणि तिच्या जागी दोघींच्या गप्पा आल्या. दोन-तीन महिन्यांत घराला पुन्हा घराचे वळण लागले.

परवानगीची मुदत दसऱ्याला संपत होती. पुढे काय, हे एका सोमवारी सकाळी दहाच्या बैठकीत ठरावयाचे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात एकदा मागच्या खोलीतून बाहेर येत ताई म्हणाली, “बाबा, बोलता बोलता आवाज तुटायलाय सारखा. नेट असंच राहिलं तर मला पुण्याला जावंच लागेल बघा.”

ती बोलली आणि पाणी पिऊन आत गेली. मी मात्र ते वाक्य घेऊन बसलो. मुलगी घरी राहणे आणि न राहणे यांच्या मध्ये आता एक काळा डबा तेवढा उभा आहे, असे माझ्या मनाने घेतले.

शनिवारी रात्री सगळे निजल्यावर मी लॅपटॉप उघडला. राऊटरच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो, एवढे मला ठाऊक होते. आत शिरलो तो एका कोपऱ्यात सूचना दिसली : नवे फर्मवेअर उपलब्ध आहे. त्याखाली त्याचे गुण सांगितले होते. त्यात पहिलाच गुण होता, ‘जोडणी अधिक स्थिर’. ‘स्थिर’ हा शब्द वाचून मला भरून आले.

हे फर्मवेअर म्हणजे काय, ते थोडे सांगतो. हा शब्द ॲशर ऑप्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली ‘डेटामेशन’ या मासिकातील एका लेखात प्रथम वापरला. पुढे त्याचा अर्थ पसरत गेला. यंत्राचा हाताला लागणारा देह ते हार्डवेअर, त्यावर चालणाऱ्या बदलत्या आज्ञा ते सॉफ्टवेअर, आणि लोणच्यात मीठ मुरावे तशा यंत्रातच मुरवून ठेवलेल्या आज्ञा ते फर्मवेअर. राऊटरला आपण राऊटर आहोत हे याच आज्ञांमुळे समजते. त्या ज्या चिपवर लिहिलेल्या असतात तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. वीज गेली तरी तिच्यावरची अक्षरे जात नाहीत, हा तिचा गुण. पण तिची एक रीत आहे. लिहिलेल्यावर नवे लिहिता येत नाही. आधी पुसावे लागते, आणि पुसायचे तेही एकेक अक्षर नव्हे, गठ्ठ्याने. शाळेतल्या पाटीवर ओला हात फिरवतात तसे. त्यामुळे प्रत्येक अपडेटमध्ये काही मिनिटे अशी येतात की, जुने पुसले गेलेले असते आणि नवे अजून लिहून झालेले नसते. त्या मिनिटांत राऊटरजवळ जुनी विद्याही नसते आणि नवीही नसते. म्हणूनच पडद्यावर ताकीद देतात : काम पुरे होईपर्यंत वीज बंद करू नये.

मी वीज बंद केली नाही. ती आपण होऊन गेली.

तशी आमच्या घरी इन्व्हर्टरची सोय आहे, आणि माजघरातला तो प्लग इन्व्हर्टरवरच आहे. परंतु माजघरात आई निजते. तिची झोपमोड नको म्हणून मी नव्या फर्मवेअरची फाईल आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली, डबा भिंतीवरून अलगद काढला आणि माझ्या खोलीत नेऊन लावला. माझ्या खोलीतला प्लग इन्व्हर्टरवर नाही. का नाही? तर बसवणाऱ्याने विचारले तेव्हा मीच सांगितले होते, “माझ्या खोलीत पुस्तकं आहेत; त्यांना वीज लागत नाही.” या वाक्यावर तेव्हा मीच पुष्कळ हसलो होतो.

आकडा बासष्ट टक्क्यांवर आला, बाहेर परतीच्या पावसाने एक दणका दिला, आणि गावाची लाईट गेली. दहा मिनिटांनी आली. पंखा फिरू लागला. राऊटरचा एकच दिवा लागला, विझला, लागला, विझला. बाकीचे तीन मिटलेलेच राहिले.

मग मी अशा वेळी सगळे करतात ते केले. प्लग काढून लावला. सौ.च्या डब्यातली सेफ्टी पिन आणून मागच्या बारीक भोकातले रिसेटचे बटण दाबले. एकदा दाबले, दहादा दाबले. आता मला कळते की त्याचा काही उपयोग नव्हता. रिसेटने पुसली जाते ती आपण भरलेली माहिती, म्हणजे पासवर्ड वगैरे. येथे शाळाच पडली होती आणि मी हजेरीपट नवा करत होतो. शेवटी पहाटे तीनला डबा जागच्या जागी लटकावला आणि झोपेचे सोंग घेऊन पडलो. उभ्या आयुष्यात परीक्षेत कॉपी केली नाही. पण कॉपी करणाऱ्या पोराच्या पोटात काय होत असेल ते त्या रात्री समजले.

सकाळी पहिल्यांदा आईच्याच लक्षात आले. वॉकर धरून ती देवापाशी आली आणि म्हणाली, “याचे डोळे आलेत का रे? एकच दिवा लुकलुकायलाय.”

मी सगळे कबूल केले. सौ. काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा मला अधिक भीती वाटते. ताई मात्र डबा हातात घेऊन नुसती बघत राहिली. फोनवरच्या नेटवर बैठक भागली नसती का, असे कोणी विचारील. आमच्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या आहेत. फोनला धड रेंज येते ती अंगणात, तुळशीपाशी. आणि वर पाऊस. नोकरीचा निकाल लावणाऱ्या बैठकीला छत्री धरून तुळशीजवळ उभे राहावे असे मी तिला सांगू शकत नव्हतो.

नऊ वाजता फायबरची लाईन बघणारा मुलगा आला. माझ्या हाताखालूनच शिकून गेलेला. त्याने कंपनीचा पांढरा डबा तपासला. “सर, आपली लाईन एकदम ओके आहे. हा काळा गेला कामातून. नवा घ्या; नांदेडला भेटून जाईल.” सौ. पैसे काढावयास उठल्या. तेवढ्यात ताई म्हणाली, “थांब आई. दिवा लुकलुकायलाय म्हणजे आत कोणीतरी जागं आहे.” मग माझ्याकडे वळून, “बाबा, अशा राऊटरला इंग्रजीत काय म्हणतात माहीत आहे? ब्रिक. वीट झाली म्हणतात.”

“मलाही आयुष्याचा वीटच आला आहे,” मी म्हणालो. कोणी हसले नाही.

आई वाती वळत होती. तिचा हात थांबला. “वीट झाली म्हणता? मग फेकू नका बाबांनो. पुंडलिकानं वीट दिली, तर देव येऊन उभा राहिला तिच्यावर.”

ज्या जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानतात, त्या जिल्ह्यातल्या म्हातारीला वीट म्हटल्यावर दुसरे काय आठवणार? साहेबाच्या भाषेत वीट म्हणजे निर्जीव, काही उपयोगाची न उरलेली वस्तू. आमच्या भाषेत वीट म्हणजे जिच्यावर कोणीतरी येऊन उभे राहील अशी जागा. मी मराठीचा प्राध्यापक. पण हा फरक मला माझ्या चौथी शिकलेल्या आईने दाखवला. आणि गंमत अशी की, राऊटरच्या पोटातली खरी हकीगत आईच्या बाजूची निघाली.

ताईने अंगणात जाऊन, फोन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून, अर्धा तास वाचले आणि येऊन आम्हाला समजावले. राऊटरची फ्लॅश मेमरी सगळी एकसारखी नसते. तिच्या सुरुवातीच्या थोड्याशा जागेत एक लहान आज्ञावली असते. तिला बूटलोडर म्हणतात. वीज आली की पहिल्यांदा ती जागी होते, मोठ्या फर्मवेअरला उठवते आणि बाजूला होते. बहुतेक राऊटरांत अपडेटच्या वेळी या जागेला हात लावत नाहीत. सगळी पाटी पुसतात. हा कोपरा तेवढा ठेवतात. आमच्या डब्यातही तो कोपरा शाबूत होता. बूटलोडर उठत होता, फर्मवेअर अर्धेच आहे हे पाहत होता, आणि पुन्हा पहिल्यापासून उठत होता. दिव्याचे लुकलुकणे ते हेच.

‘बूट’ या शब्दामागे म्हणे आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून आपल्यालाच वर उचलण्याची कल्पना आहे. मी त्याला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो, तेव्हा सौ. सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या : “स्वतःची शेंडी धरून स्वतःला विहिरीतून काढणं.” प्रतिशब्द उत्तम होता. तो माझ्याकडे पाहून सुचलेला होता, एवढेच.

माझे तोंड बघून ताईने आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेची स्पिरिट नावाची गाडी मंगळावर उतरली. तीन आठवडेही झाले नाहीत तो २१ जानेवारीला तिचे बोलणे बिघडले. दोष फ्लॅश मेमरीतल्या फाईलींच्या व्यवस्थेत होता. गाडी उठे, अडखळे, पुन्हा पहिल्यापासून उठे; रात्रीही तिला झोप लागेना आणि बॅटरी उतरत चालली. मंगळावर जाऊन पिन कोण दाबणार? येथून कोट्यवधी किलोमीटरवर आज्ञा पाठवण्यात आली की, फ्लॅश मेमरीकडे न बघता ऊठ. गाडी तशी उठली. मग पृथ्वीवरच्या मंडळींनी सावकाश आतले सारे साफ केले. नव्वद मंगळदिवसांच्या कामासाठी पाठवलेली ती गाडी त्यानंतर २०१० पर्यंत बोलत राहिली.

“आपला डबा तर माजघरातच आहे,” ताई म्हणाली.

उपाय ऐकायला सोपा होता. बूटलोडरला विशिष्ट रीतीने जागे केले म्हणजे तो एक काम करू शकतो : वायरने जोडलेल्या संगणकाकडे नव्या फर्मवेअरची फाईल मागतो. पण ती वायर लावायची कशाला? ताईचा लॅपटॉप इतका सडपातळ की त्याला वायरचे भोकच नाही. माझ्याही लॅपटॉपला नाही. अखेर माळ्यावरचा जुना संगणक आठवला. तो रद्दीवाल्याला द्यावा म्हणून सौ. चार वर्षे सांगत होत्या आणि मी उद्या-उद्या करत होतो. माझ्या आळसाचा घराला उपयोग झाल्याचा हा एकच दाखला. म्हणून तो येथे छापून ठेवतो. धूळ झटकली. पंख्याने आधी नकार दिला, मग घरघर केली. मागे वायरचे चौकोनी भोक होते.

त्यानंतर पत्त्याची भानगड आली. आमच्या राऊटरचा बूटलोडर फाईल मागण्यासाठी १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर जातो. प्रत्येक कंपनीचा पत्ता निराळा असतो. संगणकाला आधी तो पत्ता द्यावा लागतो. मी म्हणालो, “हा पत्ता दुसऱ्या कोणाचा असला तर?” ताई म्हणाली, “लाखो घरांत असेल. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेत. १९९६ सालीच ठरलंय ते.” मला एकदम समजले. ‘मारुतीच्या पारामागे’ हा पत्ता प्रत्येक गावात असतो, आणि प्रत्येक गावात तो बरोबरच असतो.

फाईल पोचवण्याची जी पद्धत आहे तिचे नाव टीएफटीपी. तिचे नियम १९८१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील केरेन सॉलिन्स यांनी लिहून काढले. पद्धत जुनी आणि अगदी साधी. फाईलचे ५१२ बाइटांचे तुकडे करायचे. एक तुकडा पाठवायचा आणि थांबायचे. पलीकडून ‘पोचला’ असा निरोप आला की दुसरा पाठवायचा. निरोप नाही आला तर तोच पुन्हा. आठ एमबीची फाईल म्हटली की सोळा हजारांवर तुकडे झाले, आणि तितकेच ‘पोचला’. आमचे आजोबा प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘पत्र पोचल्याचे कळवावे’ असे लिहीत आणि उत्तर येईपर्यंत दुसरे पत्र टाकीत नसत. त्यांना ही पद्धत फार आवडली असती. बूटलोडरची जागा इतकी लहान की याहून शहाणी पद्धत तिच्यात मावत नाही. आणि संकटात हीच कामाला येते.

पहिल्या खेपेस काही झाले नाही. मी पिनने रिसेटचे बटण दाबून धरले, ताईने वीज चालू केली, दहापर्यंत आकडे मोजले; पडद्यावर शुकशुकाट. तासाभराने कारण सापडले. बाहेरच्या चोरांपासून रक्षण करणारी संगणकातली फायरवॉल आमच्या राऊटरलाही दारातून परत पाठवत होती. तो बिचारा मागत होता आणि आमचाच दरवान त्याला घालवून देत होता. फायरवॉल तेवढ्यापुरती बंद केली.

दुसऱ्या खेपेस राऊटर आला, दारात उभा राहिला आणि रिकाम्या हाताने गेला. त्याने फाईल नाव घेऊन मागितली होती आणि आमच्या फाईलचे नाव वेगळे होते. बूटलोडरला एकच नाव पाठ असते. त्यात एका अक्षराचा फरक त्याला चालत नाही. हस्ताक्षर कसेही असले तरी शुद्धलेखन हवे, हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो. ताईने नाव दुरुस्त केले. त्या आधी तिने डब्याच्या पोटावरचा कागद पुन्हा वाचला आणि मॉडेलच्या पुढचा आवृत्तीचा आकडाही ताडून पाहिला. नाव तेच आणि आवृत्ती निराळी असेल तर फाईल भलत्याच राऊटरची निघते, आणि मग उरलेसुरलेही जाते.

तिसऱ्या वेळी डबा माजघरात, इन्व्हर्टरच्या प्लगवर. मी पिन धरून. दुपारचे चार वाजले होते. कोणी जेवले नव्हते. पडद्यावर एक ओळ आली आणि आकडे पळू लागले. ताईचा श्वास मला ऐकू येत होता. फाईल पोचली. त्यानंतर खरी परीक्षा होती. कारण आता पुन्हा पुसणे आणि लिहिणे सुरू झाले होते आणि आम्ही काहीही करावयाचे नव्हते. “दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही,” ताई म्हणाली. आम्ही चौघे भिंतीला टेकून त्या डब्याकडे बघत बसलो. आईने जपमाळ काढली. बाहेर ढग गडगडला तेव्हा सौ.नी माझ्याकडे असे पाहिले की जणू तोही मीच आणला.

मग एक दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. दुसरा लागला. तिसरा लागला. कंपनीच्या पांढऱ्या डब्याची वायर जोडताच चौथाही लागला. आई म्हणाली, “आला बाई पांडुरंग. आता लेकराला जेवू द्या.”

सोमवारी दहाची बैठक दार लोटून झाली. आवाज तुटला नाही. मी त्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात काय शिकवले ते मला आठवत नाही. संध्याकाळी आलो तेव्हा ताई अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर बसली होती. मी भज्यांचा पुडा मध्ये ठेवला.

“ते हो म्हणाले, बाबा. आणखी सहा महिने इथून काम करायला हरकत नाही म्हणाले.”

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “पण मीच नाही म्हणाले. दिवाळी करून जाते. आजी आता हिंडायला लागली आहे. आणि तिथं चार शहाण्या माणसांशेजारी बसल्याशिवाय माझं शिकणं व्हायचं नाही. नेटचं मी आपलं निमित्त सांगत होते. खरं बोलायला जमत नव्हतं.”

भजी निवत होती. मी विचारले, “मग काल दिवसभर एवढी धडपड कशासाठी केलीस?”

“तुम्ही रात्रभर झोपला नव्हता, ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “आणि नेट नव्हतं म्हणून गेली, असं व्हायला नको होतं. तुम्ही जन्मभर त्या डब्याला आणि स्वतःला दोष देत बसला असता.”

मी काय उत्तर दिले ते सांगण्यासारखे नाही. कारण मी उत्तर दिलेच नाही. लेकरू मोठे होताना आपण शिकवलेले पुष्कळसे पुसले जाते, नवे लिहिले जाते. ते तसेच व्हावयास हवे. मला उगाच वाटत होते की मधल्या काळात कोणी हात लावला नाही तर पाटी जुनीच राहील. एका कोपऱ्यात काय उरले आहे ते मात्र मी रविवारी दिवसभर तिच्या शेजारी बसून पाहिले होते. तेवढे मला पुरेसे होते.

माझ्या खोलीतला प्लग आता इन्व्हर्टरवर घेतला आहे. जुना संगणक माळ्यावर परत न जाता कोपऱ्यात बसला आहे आणि सौ. त्याच्यावर स्वतः विणलेला रुमाल घालतात. राऊटरला मी हात लावावयाचा नाही, असा ठरावही संमत झाला आहे. पण ठरावावर किती विसंबावे हे ताईला ठाऊक आहे. म्हणून तिने वहीचा एक कागद फाडून, स्वच्छ मराठीत, राऊटरशेजारी चिकटवला आहे. घरोघरी उपयोगी पडेल म्हणून तो तसाच उतरवून देतो.

१. सगळे नीट चालले असेल तर अपडेट घाईने करू नये. करायचे तर दिवसा, पाऊस नसताना, इन्व्हर्टरच्या प्लगवर, आणि शक्यतो वायर जोडून.

२. डब्याच्या खालचा कागद वाचावा. मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही जुळली तरच फाईल घ्यावी, आणि ती कंपनीच्याच ठिकाणाहून घ्यावी.

३. सुरू केल्यावर दहा मिनिटे हात लावू नये. दिवे लुकलुकले तरी लावू नये.

४. बिघडलेच तर फेकू नये. एक दिवा लुकलुकत असेल तर आत कोणीतरी जागे आहे.

५. एवढे करून जमले नाही तर ताईला फोन करावा. रात्री अकरानंतर केला तरी चालेल.